दूरदेशीची भाषा आणि घरची बोली : खानदेशातील इंग्रजी शिक्षणाचा मागोवा

जून महिना जवळ आला की धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले मागणाऱ्यांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात मी असताना अशीच एक तरुण आई दाखल्यासाठी आली. शेतावरून थेट आली होती. हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. ती म्हणाली, "फादर, मना आंडोरले इंग्लिश मिडियममा टाकनं शे." दाखला लिहिता लिहिता मी सहज विचारले, "घरी त्याचा अभ्यास कोण घेणार?" ती जरा थांबली आणि मग शुद्ध मराठीत, एकेक शब्द जपून निवडीत म्हणाली, की आता घरात अहिराणी बंद केली आहे. मुलाच्या कानावर ती पडू नये म्हणून आजीलाही त्याच्याशी फार बोलू नकोस असे सांगून ठेवले आहे.

दाखला घेऊन ती गेली. पण तिचे बोलणे माझ्यापाशी राहिले. मुलाला इंग्रजी यावे ही तिची इच्छा अगदी रास्त होती. प्रश्न एवढाच, की त्यासाठी आजीला गप्प बसवणे आवश्यक होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इतिहासाची काही पाने चाळली. त्यांतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

शिकायला आलेला इंग्रज

आपल्या भाषांची आणि युरोपीय भाषांची तुलना प्रथम कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास एका धर्मगुरूचे नाव पुढे येते. खानदेशात इंग्रजांचा अंमल बसण्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हे येशू संघाचे इंग्रज बंधू गोव्यात उतरले. या देशात येऊन राहिलेले ते पहिले इंग्रज मानले जातात. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले : येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते कलकत्त्यात जाहीरपणे मांडले ते १७८६ साली, म्हणजे त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. स्टीफन्स यांचे पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिले.

ही तुलना त्यांना सुचली, कारण ते प्रथम येथल्या भाषेचे विद्यार्थी झाले. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले आणि १६१६ साली मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. इंग्रजी ही त्यांची जन्मभाषा. पण त्यांच्या हातून जे चिरंतन घडले ते मराठीत घडले. दोन भाषा शेजारी ठेवल्या की दोन्ही अधिक स्पष्ट दिसू लागतात, हा धडा त्यांच्या चरित्रातून आपल्याला मिळतो. पुढील सगळ्या इतिहासात हा धडा कधी आठवला गेला आणि कधी विसरला गेला, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

धुळ्याची कचेरी आणि मुंबईचा वाद

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. या मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांना नेमण्यात आले आणि त्यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. आजच्या धुळे शहराच्या आखीव पेठांची सुरुवात त्यांच्याच काळातली. हे ब्रिग्ज पुढे फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून नावारूपाला आले. म्हणजे खानदेशाचा पहिला इंग्रज कारभारी हा भाषांचा जाणकार होता. राज्यकर्त्यांना त्या वेळी लोकांची भाषा शिकण्याची गरज होती; लोकांना राज्यकर्त्यांची भाषा शिकण्याची निकड अजून भासू लागली नव्हती.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ साली शिक्षणासंबंधी जे टिपण लिहिले त्यात देशी भाषांतील शाळा आणि देशी भाषांतील पुस्तके यांवर भर होता; इंग्रजी ही वरच्या ज्ञानाची वाट म्हणून होती. याच काळात मराठीची साधने तयार झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषांना समोरासमोर बसवण्याचे काम या तीन ग्रंथांनी केले.

मेकॉले यांचे प्रसिद्ध टिपण १८३५ सालचे. कलकत्त्यात जे वारे वाहू लागले ते मुंबईतही आले. येथील शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजी माध्यमाचे कैवारी होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांना विरोध केला. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन भरात होता. नाना शंकरशेट इंग्रजीचे द्वेष्टे मुळीच नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षण रुजवण्यात त्यांचाच हात मोठा होता. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते तिच्या भाषेतूनच पोहोचेल. अखेर १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने मधला मार्ग घालून दिला : प्राथमिक शिक्षण देशी भाषेत, उच्च शिक्षण इंग्रजीत.

खानदेशापुरता या तडजोडीचा अर्थ काय झाला? गावच्या शाळेत मराठी आली आणि मोठ्या गावच्या हायस्कुलात इंग्रजी. ज्या मुलाला वकील, मामलेदार वा रेल्वेतील बाबू व्हायचे त्याने तिकडे जावे. पुढे आगगाडी आली, भुसावळला मोठे जंक्शन झाले आणि तेथील रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन व गोव्याकडील कॅथलिक कुटुंबे येऊन राहिली. जळगावात कापसाचा व्यापार वाढला. रेल्वेच्या पावत्या इंग्रजीत आणि वरिष्ठ कोर्टांचे निकाल इंग्रजीत असल्यामुळे त्या भाषेला भाकरीचे वजन आले. मात्र वुडच्या खलित्यातील 'देशी भाषा' म्हणजे शाळेच्या दप्तरी मराठी. चुलीजवळ बोलली जाणारी अहिराणी, यावलकडची लेवा बोली, सातपुड्यातील भिली, पावरी आणि मावची यांना त्या खलित्यात खाना नव्हता. खानदेशच्या मुलाला मराठीही शिकावीच लागत होती, ही गोष्ट कोणी मोजलीच नाही.

तर्खडकर आणि रेन

इंग्रजी शिकवायची कशी, यासंबंधी दोन परंपरा आपल्याकडे निर्माण झाल्या. पहिली तर्खडकरांची. व्याकरणकार दादोबांच्याच आडनावाचे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी भाषांतर पाठमालेचे भाग रचले आणि पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी त्यांवर इंग्रजीचे श्रीगणेशाय केले. नियम मराठीत, वाक्ये दोन्ही भाषांत. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. या पद्धतीत दोष होते. मुलगा वाचू लिहू लागे. पण बोलण्याची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे. मात्र एक गुण नि:संशय होता : इंग्रजी शिकताना मुलाची मराठीही पक्की होत असे, कारण प्रत्येक वाक्यासाठी त्याला आपल्या भाषेत नीट पाहावे लागे.

दुसरी परंपरा प्रत्यक्ष पद्धतीची. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलावी, मातृभाषेचा आधार घेऊ नये, असे या पद्धतीचे सूत्र. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन हे तिचे पुरस्कर्ते. मार्टिन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले व्याकरण आजही घरोघरी 'रेन अँड मार्टिन' म्हणून ओळखले जाते. ज्या घरात इंग्रजी वृत्तपत्र येते आणि वडील इंग्रजी बोलतात तेथे ही पद्धत चांगली फळते. परंतु ज्या मुलाला शाळेबाहेर इंग्रजीचा एक शब्दही ऐकू येत नाही, त्याच्या हातातून मातृभाषेची काठी काढून घेतली तर तो चालणार कसा? पुष्कळदा होते ते एवढेच, की मूल पाठ करते आणि शिक्षक त्यालाच शिकणे समजतात.

एक दाखला, अनेक बोली

खानदेशच्या बोलींकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली भारतातील भाषांचे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रत्येक बोलीचा नमुना मागवण्यात आला. सगळ्या बोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वांना एकच मजकूर भाषांतरासाठी देण्यात आला, आणि तो मजकूर म्हणजे संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला! भारतीय मनाला खटकू नयेत म्हणून त्यात किरकोळ शाब्दिक फेरफार केले होते, एवढेच. ही निवड धर्मप्रचारासाठी नव्हती. या एका गोष्टीत तिन्ही पुरुषी सर्वनामे, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ येऊन जातात, हे ग्रिअर्सन यांनी हेरले होते.

१९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोलींबरोबर खानदेशी समाविष्ट झाली. जी बोली तोवर मराठीची गावंढळ लेक समजली जात होती, तिला ग्रिअर्सन यांनी मराठीच्या खंडात न ठेवता गुजरातीच्या शेजारी, भिलीच्या पंगतीला बसवले. हे वर्गीकरण सर्वांना मान्य झाले असे नाही. अहिराणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद अजून चालू आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. खानदेशी बोलीला व्याकरण आहे, तिच्या बदलांना नियम आहेत, ती बिघडलेली मराठी नव्हे, ही गोष्ट या खंडाने कागदावर आणली. तेथवर पोहोचायला तिला उधळ्या पुत्राचा दाखला उपयोगी पडला, याचे आपल्याला विशेष वाटावे. दूर देशी गेलेल्या आणि अखेर घरची वाट धरलेल्या त्या मुलाची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत उतरली; पण आमच्या शाळांतून आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, आमच्या चर्चमधूनही ती त्या बोलीत फारशी सांगितली गेली नाही.

अंमळनेर आणि धुळे : घरी आणलेले धन

खानदेशाने इंग्रजीशी केवळ नोकरीपुरते नाते ठेवले, असे मात्र म्हणता येणार नाही. अंमळनेरला प्रताप शेठजींच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथील तत्त्वचर्चेची भाषा मुख्यत्वे इंग्रजी होती आणि देशभरातून अभ्यासक येत. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य हे १९३० नंतरच्या दशकात या संस्थेचे संचालक होते. 'विचारांतील स्वराज्य' या विषयावरील त्यांचे इंग्रजी व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की परकीय भाषेतून आलेले विचार आपण तपासून न पाहताच वापरू लागतो आणि आपले मन दुभंगते. ते विचार आपल्या भाषेत मांडून पाहिले तरच ते पचले की नाही हे कळते. विशेष हे, की हे सांगणारा मनुष्य स्वत: उत्तम इंग्रजी लिहिणारा होता.

हे वाचताना मला माझाच अनुभव आठवतो. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान इंग्रजीतून शिकलो. त्या भाषेने मला फार मोठे दालन उघडून दिले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु दीक्षेनंतर खेड्यात पहिले प्रवचन केले तेव्हा ते मी मनात इंग्रजीत जुळवून तोंडाने मराठीत म्हणत होतो. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "फादर, बोललात झकास, पण कोणाशी बोललात?" त्या प्रश्नाने जे शिकवले ते पुस्तकांनी शिकवले नव्हते.

याच अंमळनेरात तत्त्वज्ञान मंदिरासाठी आलेला कोकणातला एक तरुण पुढे प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे साने गुरुजींनी तेथे शिकवले आणि 'विद्यार्थी' हे मासिक चालवले. गुरुजींनी इंग्रजीचा जो उपयोग केला तो डोळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. टॉलस्टॉय यांचा कलाविषयक ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. तमिळ 'कुरल'चेही त्यांनी मराठी रूपांतर केले. १९३० साली त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही भेटले, आणि आपण एकमेकांच्या भाषा जाणत नाही या खंतीतून त्यांच्या मनात आंतरभारतीची कल्पना रुजली. इंग्रजी ही त्यांच्यासाठी खिडकी होती. राहण्याचे घर मराठीच राहिले.

धुळ्याचेही असेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे डेक्कन कॉलेजचे पदवीधर. इंग्रजी त्यांना उत्तम येत होती. पण लिहायचे ते मराठीतच, असा त्यांचा बाणा होता. पाश्चात्त्य ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी तरुणपणी 'भाषांतर' नावाचे मासिक चालवले. त्यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा धातुकोश याच मंडळाने पुढे प्रसिद्ध केला. आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर मराठीत बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. एवढा खोल विषय कैद्यांना कळेल अशा साध्या भाषेत सांगता येतो, याचा तो वस्तुपाठ होता.

या सर्वांची बरोबरी करील अशी एक बाई मात्र कोणत्याच शाळेत गेली नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी लेवा बोलीत जे रचले ते मुलाने व नातेवाइकांनी टिपून ठेवले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध झाले. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. ज्या विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, त्याच्या प्रवेशद्वारावर घरच्या बोलीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या बाईचे नाव आहे. या विसंगतीत मला आशा दिसते.

स्वातंत्र्यानंतरची चढाओढ

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ वरच्या इयत्तांपर्यंत पुढे ढकलला. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज इतर मुलांना नवीन प्रवेश देण्यास बंदी करण्यात आली. नाशिकजवळच्या देवळाली येथील बार्न्स हायस्कूलच्या संदर्भात हे प्रकरण न्यायालयात गेले. दाद मागणाऱ्या पालकांत एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी होते. इंग्रजी हीच आमची मातृभाषा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे होते गुजराती भाषक हिंदू डॉक्टर. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. केवळ भाषेच्या कारणावरून सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणत्याही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे ठरले. पालकांचा निवडीचा हक्क त्यामुळे अबाधित राहिला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र निवड कोणत्या आधारावर करावी, हे न्यायालय सांगू शकत नाही.

पुढे महाराष्ट्रात पाचवीपासून इंग्रजी शिकवण्याची रीत स्थिरावली. जून २००० पासून शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत ती पहिलीपासून आली. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी 'सेमी इंग्रजी'ची तुकडी मराठी शाळांतून निघू लागली. दुसऱ्या बाजूने २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले. घरची भाषा हा शब्द सरकारी धोरणात आला हे महत्त्वाचे आहे. सातपुड्याच्या कुशीत, तेव्हाच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळांनी १९९० नंतरच्या दशकात आदिवासी मुलांच्या बोलीपासून शिक्षण सुरू करण्याचा प्रयत्न केला होता. सरकारने हे लिहिण्याच्या कितीतरी आधी डोंगरातल्या माणसांनी ते ओळखले होते.

दरम्यान जनगणनेचे आकडे काही सांगत होते. २००१ साली खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते; २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. लोकसंख्या वाढत असताना हा आकडा दोन लाखांहून अधिक उतरला. जनगणनेतील भाषेचा आकडा म्हणजे लोकांनी स्वत: दिलेले उत्तर होय. जी माणसे उणी झाली ती सगळी बोलायची थांबली असे नव्हे. पुष्कळांनी आपली भाषा 'मराठी' अशी सांगितली असेल. पण आपल्या बोलीचे नाव घ्यावेसे न वाटणे हेही एक प्रकारचे मौन आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सर्वांनी आनंद मानला. त्या आनंदात मराठीच्या अंगणातल्या या बोलींचीही आठवण ठेवायला हवी.

एका वाक्याचे व्याकरण

आता त्या आईच्या वाक्याकडे पुन्हा वळू. "मना आंडोरले इंग्लिश मिडियममा टाकनं शे." या एका वाक्यात अहिराणीचे किती व्याकरण सामावले आहे पाहा. 'मना' म्हणजे माझा. यातला षष्ठीचा 'ना' गुजरातीच्या 'नो'शी नाते सांगतो. 'आंडोर' म्हणजे मुलगा. 'आंडोरले' यातला 'ले' वऱ्हाडाकडेही ऐकू येतो. 'मिडियममा' यातला 'मा' पुन्हा गुजरातीशेजारचा. 'शे' म्हणजे आहे. गुजरात, वऱ्हाड आणि देश यांच्या मधोमध वसलेल्या खानदेशाचा नकाशाच जणू या वाक्यात उतरला आहे. आणि 'इंग्लिश मिडियम' हे परके शब्दही तिने अहिराणीच्या प्रत्ययांना बिनतक्रार जोडून टाकले आहेत. बोली किती समर्थ असते याचा आणखी काय पुरावा हवा?

आता इंग्रजीशी तुलना करू. प्रमाण मराठीत 'तो जातो', 'ती जाते'. क्रियापदाला लिंग आहे. अहिराणीत 'तो जास', 'ती जास'; येथे क्रियापद बदलत नाही. इंग्रजीतही 'ही गोज', 'शी गोज'. तसेच नेहमीचे जाणे आणि आत्ता चालू असलेले जाणे यांत इंग्रजी काटेकोर भेद करते : 'ही गोज' वेगळे आणि 'ही इज गोइंग' वेगळे. मराठीत 'मी जातो' हे दोन्ही अर्थांनी चालते. अहिराणीत मात्र 'तो जास' आणि 'तो जाई राहिना' अशी दोन स्वच्छ रूपे आहेत. प्रमाण मराठीत 'घर'चे 'घरात', 'राम'चे 'रामाला' होताना मूळ शब्दाचे सामान्यरूप होते. अहिराणीत 'घरमा', 'रामले' असे म्हणताना मूळ शब्द पुष्कळदा तसाच राहतो. इंग्रजीतही नाम तसेच राहते, फक्त 'इन' आणि 'टू' हे शब्द मागे न येता पुढे येतात.

म्हणजे इंग्रजीची जी वळणे अवघड म्हणून शिकवली जातात, त्यांपैकी काही अहिराणी मुलाच्या ओठांवर आधीपासून आहेत! शिक्षकाने एवढेच म्हणावे, "तू आजीला 'जाई राहिना' म्हणतोस ना? इंग्रजी तेच म्हणते." मुलाचे डोळे लकाकतील. परंतु हे सांगायला शिक्षकाला ती बोली ठाऊक हवी, आणि मुलाला ती सांगायला लाज वाटता कामा नये.

जेथे भेद आहे तेथेही तुलना उपयोगी पडते. 'मला भाऊ आहे', 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला ताप आहे' या तिन्ही ठिकाणी इंग्रजी 'आय हॅव' म्हणते. आपल्या भाषेत भाऊ आणि ताप माणसाला असतात, पुस्तक त्याच्याकडे असते. इंग्रजीत तो सर्वांचा धनी होतो. उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांत आपण जो भेद करतो, समोरच्याला वगळून की त्याला धरून, तो इंग्रजीच्या 'वुई'मध्ये नाही. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांचे एकच 'यू' होते. मामा, काका, मावसा यांचा एकच 'अंकल' होतो. हे भेद ज्याला समजले तो इंग्रजीही अधिक अचूक लिहील आणि आपल्या भाषेची श्रीमंतीही ओळखील. ज्याची घरची भाषा आधीच काढून घेतली, त्याच्यापाशी तुलना करायला दुसरे काही उरतच नाही.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते अवश्य प्यावे. पण ज्याने आधी आईचे दूध घेतले आहे त्यालाच ते मानवते, असे हा दोनशे वर्षांचा इतिहास मला सांगतो. स्टीफन्स, नाना शंकरशेट, राजवाडे, भट्टाचार्य, साने गुरुजी यांपैकी एकानेही इंग्रजीकडे पाठ फिरवली नाही आणि एकानेही घर सोडले नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना म्हणून माझी एक साधी विनंती आहे. मुलांना इंग्रजी शाळेत घाला किंवा मराठी शाळेत. तो तुमचा हक्क आहे. पण संध्याकाळची प्रार्थना, जेवणाच्या वेळचे बोलणे आणि आजीच्या गोष्टी घरच्या बोलीत राहू द्या. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनबरोबर लोकांच्या भाषांनाही वेदीवर स्थान दिले. वेदीवर जे शोभते ते चुलीजवळ लाजिरवाणे कसे असेल?

त्या आईला मी पुढल्या रविवारी गाठले आणि या लेखातले थोडेसे सांगितले. तिला ते कितपत पटले, मला सांगता येणार नाही. मात्र त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या घरावरून जात असता ओट्यावर आजी आणि नातू बसलेले दिसले. नातू इंग्रजीचे पुस्तक उघडून चित्रांवर बोट ठेवीत होता, आणि आजी प्रत्येक चित्राचे अहिराणी नाव त्याला सांगत होती.